ड्रिल ऐकू न येणारा हेडफोन

दातांच्या त्या दवाखान्यात पूर्वी पेशंट घाबरून बसलेले असत. हल्ली डॉक्टरच घाबरून बसत, कारण पेशंट नव्हते. समोरच्या इमारतीत एक तरुण दंतवैद्य आला होता आणि त्याने खुर्चीच्या बरोबर वर, छतालाच टीव्ही लावला होता. माणूस आडवा पडून पिक्चर बघतो आणि त्या नादात दाढ कधी निघाली ते त्याला समजतही नाही, अशी त्याची कीर्ती. इकडे डॉक्टरांच्या छताला ओल आली होती. तिच्यात कोणाला मगर दिसे, कोणाला कबर.

त्यात डॉक्टरांचं ड्रिल जुनं. ते सुरू झालं की खालच्या किल्लीवाल्याकडे उभी असलेली गिऱ्हाइकंही नकळत गाल धरत. डॉक्टरांचा हात हलका होता, दुखवायचे नाहीत. पण ड्रिलचा आवाज ऐकलेल्या माणसाला हात हलका आहे की जड हे पाहण्याइतकी सवड राहत नसे.

"लोक दुखण्याला भीत नाहीत हो, आवाजाला भितात," सिस्टर म्हणाली. ती नर्स नव्हती. पावत्या फाडायची, हत्यारं उकळायची आणि पांढरा कोट घालायची, त्यामुळे सगळे तिला सिस्टर म्हणत. "माझा भाचा परवा दारातून परत गेला. आत दुसऱ्याच कोणाची तरी दाढ चालली होती."

"मग काय करू? कानशीने घासू?"

"कानात काहीतरी घाला."

"माझ्या?"

"त्यांच्या. ते बिनवायरचे हेडफोन मिळतात बघा. गाणी लावून द्यायची. बाहेरचं काही ऐकू येत नाही म्हणतात."

डॉक्टरांनी नेहमीप्रमाणे "हं" केलं. "हं" हा त्यांच्या बोलण्यातला सर्वांत मोठा आणि सर्वांत जास्त वापरला जाणारा शब्द होता. त्यांची बायको उन्हाळ्यात चार दिवस बहिणीकडे जाते म्हणून गेली होती आणि आता थंडी पडायला लागली होती, त्यालाही हा शब्दच कारणीभूत होता. जाताना ती दारात म्हणाली होती, "या घरात मी आणि फ्रिज, दोघंच आवाज करतो." डॉक्टरांना यावर उत्तर सुचलं, पण तोपर्यंत ती जिना उतरून गेली होती. आणि सुचलेलं उत्तर तरी काय, तर फ्रिज दुरुस्तीला द्यायला हवा.

दुसऱ्या दिवशी ते हेडफोन घ्यायला गेले. दुकानातला विक्रेता गोड बोलणारा होता. त्याने आधी कानात बसणाऱ्या दोन इवल्याशा गोळ्या पुढे केल्या.

"या चालणार नाहीत," डॉक्टर म्हणाले. "एकाच्या कानातल्या दुसऱ्याच्या कानात कशा घालणार? आणि पेशंट थुंकायला वाकला की भांड्यात पडतील."

विक्रेत्याने हात जरा मागे घेतला. "मग हा गळ्यातला बघा. कानातून सुटला तरी गळ्यात राहतो."

"तिथे माझी थुंकी ओढायची नळी असते."

"साहेब, तुम्हाला नक्की कशासाठी पाहिजे?"

डॉक्टरांनी समजावून सांगायच्या ऐवजी खिशातून मोबाइल काढला. सकाळी त्यांनी ड्रिलचा आवाज रेकॉर्ड करून आणला होता. तो त्यांनी पूर्ण मोठा करून काउंटरवर ठेवला. मिक्सर बघत असलेलं एक जोडपं मिक्सर ठेवून निघून गेलं. चार्जर मागायला आलेल्या माणसाने आधी गाल धरला, मग दाराची वाट धरली.

"हे ऐकू यायला नको," डॉक्टर म्हणाले.

विक्रेत्याने शोकेसमधून कान पूर्ण झाकणारा एक जाडजूड हेडफोन काढला आणि तो डॉक्टरांच्या डोक्यावर चढवला. "हा ऐका. याचा बास बघा काय आहे. आवाजाच्या क्वालिटीत याच्या जवळपास कोणी नाही."

"मला बास नको. मला काहीच ऐकू यायला नको."

"ते तर आहेच साहेब, पण गाणं वाजेल ते चांगलं नको का वाजायला? नाहीतर पेशंटला दाताबरोबर कानही दुखेल."

यात तथ्य होतं. मग डॉक्टरांनी एकामागून एक हेडफोन डोक्यावर चढवले आणि प्रत्येक वेळी काउंटरवर ड्रिल वाजवलं. एकात गाणं डब्यातून आल्यासारखं येई. एकात गाणं छान, पण त्याच्या मागून ड्रिल वाद्यवृंदातल्या एखाद्या हट्टी वादकासारखं पोहोचत राही. एक इतका घट्ट होता की डॉक्टरांच्या स्वतःच्याच दाढा दुखू लागल्या. शेवटी एक काळा, मऊ गादीचा हेडफोन डोक्यावर बसला आणि दुकान नाहीसं झालं. फक्त एक बासरी उरली. विक्रेत्याचे ओठ हलत होते. तो उजव्या कानाच्या गादीकडे बोट दाखवून बराच वेळ काहीतरी सांगत होता. डॉक्टर त्याच्याकडे पाहून मान हलवत राहिले. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच कोणीतरी त्यांच्याशी एवढं बोलत होतं आणि त्यांना त्याला उत्तर द्यावं लागत नव्हतं.

"हाच द्या," ते म्हणाले.

हेडफोनची पहिली मानकरी ठरली बँकेतली कॅशियर. तिने दोन वेळा अपॉइंटमेंट घेऊन दोन्ही वेळा टाळली होती. सिस्टरने तिच्या डोक्यावर हेडफोन चढवला, गाणं लावलं, डॉक्टरांनी ड्रिल सुरू केलं. कॅशियर पायाच्या अंगठ्याने ठेका धरून निवांत पडून राहिली. सिस्टरच्या चेहऱ्यावर दिवाळखोरी टळलेल्या माणसाचा आनंद पसरला.

अडचण एकच झाली. डॉक्टरांनी "तोंड मिटा" म्हटलं तर सरळ छताकडे बघत पडलेल्या कॅशियरने आणखी उघडलं. मग खुणा ठरवाव्या लागल्या. खांद्यावर एक थाप म्हणजे उघडा, दोन म्हणजे मिटा, तीन म्हणजे चूळ भरा. यातही एका ट्रकवाल्याने दुसरी थाप लक्षात न आल्यामुळे ऐन फिलिंगमध्ये डॉक्टरांचं बोट चावलं. एका आजोबांनी खुशीत येऊन डॉक्टरांच्याच खांद्यावर थापा मारल्या. पण ड्रिलला कोणी भ्यालं नाही, एवढं खरं.

बोलायला सुरुवात कधी झाली हे डॉक्टरांनाही नीट सांगता आलं नसतं. बहुधा कॅशियरच्या दुसऱ्या खेपेला. सिस्टर बाहेर होती. खोलीत डॉक्टर, उघडं तोंड आणि घोंघावणारी नळी. समोर एक माणूस होतं, ते जागं होतं, डोळे उघडे होते, पण त्याला ऐकू येत नव्हतं आणि बोलता येत नव्हतं. डॉक्टरांना आयुष्यात इतका सोयीचा श्रोता भेटला नव्हता.

"दाढ कुजलीय," ते तोंडातल्या तोंडात म्हणाले. मग थोडं थांबून म्हणाले, "माझ्याकडेही सगळं तसंच आहे. मी ओट्याजवळ उभं राहूनच जेवतो. टेबलावर एकटं बसलं की समोरची खुर्ची बघत बसते."

कॅशियरचा अंगठा थांबला. डॉक्टरांचं लक्ष दाढेत होतं.

त्यानंतर बोलणं सुटलंच. ट्रकवाल्याच्या सुळ्यात वाकून त्यांनी सांगितलं, की संध्याकाळी घरी गेल्यावर दिवा लावायचा कंटाळा येतो, म्हणून हल्ली ते सकाळी निघतानाच दिवा लावून ठेवतात. लांबून खिडकी उजळलेली दिसते आणि जिना चढेपर्यंत बरं वाटतं. आजोबांच्या कवळीचं माप घेताना त्यांनी सांगितलं, की बायकोची चष्म्याची रिकामी केस त्यांना उशाखाली सापडली आणि ती त्यांनी तशीच राहू दिली. एका प्राथमिक शाळेच्या मुख्याध्यापिकेचं रूट कॅनॉल चाललं होतं. त्याला बऱ्याच खेपा लागणार होत्या, त्यामुळे तिच्या वाट्याला सगळ्यात जास्त आलं. बायकोचा नंबर लावतो आणि वाजायच्या आत कापतो, हे त्यांनी तिच्या दाढेला सांगितलं. फोन उचलल्यावर काय बोलायचं ते सुचत नाही, हेही सांगितलं. मुख्याध्यापिकेच्या डोळ्यांतून पाणी आलं तेव्हा त्यांनी घाईने आणखी एक भुलीचं इंजेक्शन दिलं.

आणि दवाखाना चालू लागला. कॅशियर एका दाढेसाठी आली होती, ती सगळ्याच दाढा तपासून घ्यायला येऊ लागली. आजोबांना कवळी छान बसली होती. तरी ती टोचते म्हणून ते दर आठवड्याला येत आणि खुर्चीत पडले की टोचायची थांबे. ट्रकवाल्याने आपल्या धाकट्या भावाला पाठवलं. त्याचे दात बघून डॉक्टर म्हणाले, "याला काही झालेलं नाही."

"असू दे," भाऊ म्हणाला. "तुम्ही आपलं सावकाश बघा."

डॉक्टर सिस्टरला म्हणाले, "हेडफोनने काम केलं. दुकानदार खरं बोलत होता. आवाजाची क्वालिटी असावी तर अशी."

"हो ना," सिस्टर म्हणाली. तिने डॉक्टरांकडे जरा कौतुकाने पाहिलं, पण तिकडे त्यांचं लक्ष नव्हतं.

समोरच्या तरुण दंतवैद्याने हे पाहून आपल्या खुर्चीला दोन हेडफोन लावले. त्याच्याकडचे पेशंट तरीही जिना उतरून इकडे येत राहिले. हे गौडबंगाल त्यालाही कळेना आणि डॉक्टरांनाही.

मुख्याध्यापिकेच्या शेवटच्या खेपेला डॉक्टरांनी दाढेवर टोपी बसवली, तीन थापा दिल्या, तिने चूळ भरली, हेडफोन काढून मांडीवर ठेवला, रुमालाने ओठ टिपले आणि वर्गात वापरायच्या आवाजात ती म्हणाली, "डॉक्टर, वाजायच्या आत कापू नका. एकदा वाजू द्या."

डॉक्टरांच्या हातातला चिमटा ट्रेमध्ये पडला.

"तुम्हाला ऐकू येतं?"

"अगदी स्वच्छ. ड्रिल दोन घरं सोडून चालल्यासारखं वाटतं आणि तुम्ही मात्र अगदी कानाशी बसून बोलता. गाणं मध्येच बारीक होऊन तुमचं सुरू होतं. आम्हाला वाटलं, तशीच सोय केलीय तुम्ही."

"आम्हाला म्हणजे?"

मुख्याध्यापिका पर्स उचलून उठली. शाळेत इतकी वर्षं काढल्यामुळे कुठला प्रश्न अनुत्तरित सोडायचा हे तिला ठाऊक होतं.

डॉक्टर तसेच हेडफोन घेऊन दुकानात गेले. विक्रेत्याला त्यांचं येणं अजिबात आवडलं नाही, कारण काउंटरवर गिऱ्हाइकं होती. "उजव्या गादीवर दाब पडला की बाहेरचं बोलणं आत येतं," तो म्हणाला. "गोंगाट तेवढा बाजूला ठेवतो आणि माणसाचा आवाज मोठा करून देतो. त्याची खासियतच ती आहे. तुमचे पेशंट डोकं टेकून तुमच्याकडे मान वळवत असतील, गादी खुर्चीला दाबली जात असेल. मी तुम्हाला तेव्हाच सांगितलं होतं. तुम्ही मान हलवलीत."

"मला काही ऐकू येत नव्हतं."

"तेही बरोबरच आहे. क्वालिटी आहे त्याची."

परत आल्यावर त्यांनी सिस्टरला विचारलं, "तुला माहीत होतं?"

"मला वाटलं, तुम्हाला माहीत आहे," सिस्टर म्हणाली. "दार उघडंच असायचं डॉक्टर. बाहेर बाकावर पण येतं ऐकू, थोडं थोडं. मी इथे इतकी वर्षं आहे, तुम्ही माझ्याशी एक वाक्य धड बोलला नव्हता. मला बरं वाटायचं."

"कोणी मला बोललं का नाही?"

"आत असताना तोंडात हत्यार. आणि बाहेर आल्यावर काय बोलणार?"

डॉक्टरांनी हेडफोन कपाटात ठेवून कुलूप लावलं आणि तोंडालाही लावलं. त्या दिवसापासून दवाखान्यात पुन्हा फक्त ड्रिल ऐकू येऊ लागलं. कॅशियर आली, आडवी पडली, वाट पाहत राहिली आणि शेवटी भुलीने जड झालेल्या जिभेने म्हणाली, "आज काहीच नाही का?" डॉक्टरांनी मान खाली घातली. आजोबांची कवळी खरोखरच टोचू लागली. ट्रकवाल्याने दारातूनच सिस्टरला विचारलं, "चष्म्याच्या केसचं पुढे काय झालं?" काहीच झालं नाही म्हटल्यावर तो तपासून न घेताच परतला. पेशंट पुन्हा समोर जाऊ लागले. तिथे निदान पिक्चर तरी होता.

डॉक्टरांना मात्र पेशंट कमी झाल्याचं पूर्वीसारखं भय उरलं नव्हतं. त्यांना भय होतं रस्त्याचं. ब्रेड घ्यायला गेले तर बेकरीवाली त्यांच्याकडे मायेने पाहून विचारी, "उभ्यानेच खाणार का?" शेजारच्या बाई म्हणाल्या, "दिवा दिवसभर जळतो तुमचा, बिल येईल हो," आणि मग जीभ चावून आत गेल्या. ज्या गावाला आपण कधी "हं" च्या पुढे काही दिलं नाही, त्याच्या खिशात आता आपलं सगळं घर आहे, असं त्यांना वाटे. ते मान वर न करता चालू लागले. एकदा तर विजेच्या खांबालाच "सॉरी" म्हणाले.

अशा एका दुपारी सिस्टर आत आली. तिचा चेहरा विचित्र झाला होता.

"पेशंट आहे," ती म्हणाली. "नंबर लावून बसल्यात. मी म्हटलं थेट आत जा, तर नाही म्हणाल्या."

"कोण?"

"वहिनी."

बायको बाकावर कॅशियर आणि आजोबांच्या मधे पर्स मांडीवर घेऊन बसली होती. नंबर आला तशी उठली, आत आली, खुर्चीवर आडवी झाली आणि छताकडे पाहू लागली.

"कुठे दुखतंय?" डॉक्टरांनी विचारलं. बायकोशी इतक्या महिन्यांनी बोललेलं ते पहिलं वाक्य होतं आणि तेही त्यांनी सवयीने उच्चारलं.

"मुख्याध्यापिका माझ्या बहिणीच्या खालच्या मजल्यावर राहतात," ती म्हणाली. "त्यांनी जिन्यात गाठलं मला. म्हणाल्या, फार चांगलं बोलतात हो तुमचे मिस्टर. मी म्हटलं, तुमचा दवाखाना चुकला असेल."

डॉक्टरांनी आरसा उचलला आणि परत ट्रेमध्ये ठेवला.

"ट्रकवाल्याला सांगितलंत. त्या आजोबांना सांगितलंत. कवळीचं माप देताना त्यांना माझी चष्म्याची केस कळली. मी एवढी वर्षं समोर ताट वाढून बसत होते, मला काय कळलं? भाजीत मीठ कमी आहे एवढंसुद्धा मला तुमच्या तोंडावरून ओळखावं लागलं."

"मला वाटलं, त्यांना ऐकू येत नाही."

"म्हणजे ज्याला ऐकू येत नाही त्याच्याशीच तुम्ही बोलणार. आणि मला ऐकू येतं ही माझी चूक."

सिस्टर कपाटापाशी गेली. "वहिनी, हेडफोन देऊ का?"

"नको. मी ऐकायलाच आलेय." तिने डॉक्टरांकडे पाहिलं. "बोला."

डॉक्टरांनी बोलायचा प्रयत्न केला. घसा खाकरला, स्टूल पुढे ओढलं, दिवा सरळ केला. ती बघत होती. तिचे ओठ मिटलेले होते आणि ते केव्हाही उघडून काहीतरी विचारतील अशी त्यांना धास्ती वाटत होती. शेवटी ते खरं तेच म्हणाले.

"तोंड उघडं असल्याशिवाय मला जमत नाही."

बायकोने क्षणभर डोळे मिटले. मग तोंड उघडलं.

त्यांनी आरसा आत घातला. खालची डावी दाढ थोडी किडली आहे हे सांगितलं. वरच्या दातांमधे फट पडली आहे हे सांगितलं. ती पूर्वी नव्हती, म्हणाले. म्हणजे असेलही, पण मी कधी नीट पाहिलंच नाही. तिथून पुढे ते वाहत गेले. दिव्याचं, खुर्चीचं, ओट्याचं जे गावाला माहीत होतं ते सगळं त्यांनी तिला पहिल्यांदा सांगितलं. जे गावाला माहीत नव्हतं तेही सांगितलं: रात्री कूस बदलताना अजूनही तिची जागा सोडून झोपतात, आणि ती गेली त्या दिवशी जिन्यात तिची पावलं ऐकू येईनाशी होईपर्यंत ते दाराच्या आत उभे होते, पण हाक मारायला तोंड उघडेना. तिने मधे दोनदा काही म्हणायचा प्रयत्न केला. दोन्ही वेळा डॉक्टर धंद्याच्या सवयीने म्हणाले, "बोलू नकोस." बाहेर कोणीही खोकत नव्हतं.

शेवटी त्यांनी आरसा बाहेर काढला. ती उठून बसली, चूळ भरली, तोंड पुसलं. डोळे नंतर पुसले.

"झालं?"

"झालं."

"मग उठा त्या स्टुलावरून. इकडे या."

डॉक्टर उठले. तिने त्यांना खांद्याला धरून खुर्चीत बसवलं, मागे रेलवलं आणि दिवा त्यांच्या तोंडावर वळवला. इतकी वर्षं हा दिवा वापरूनही तो खुर्चीतून किती प्रखर दिसतो हे त्यांना माहीत नव्हतं.

"सिस्टर, तो कापूस कुठे असतो?"

सिस्टरने इतक्या तत्परतेने आजवर कधी काही दिलं नव्हतं. बायकोने डॉक्टरांच्या दोन्ही गालांत कापसाच्या गुंडाळ्या भरल्या, जरा जोरातच, आणि स्टुलावर बसली.

"माझी बहीण घोरते," ती म्हणाली. "मला हॉलमधे घडीच्या पलंगावर झोपवते. त्याची एक पट्टी तुटलेली आहे, ती पाठीत लागते. दुसऱ्याच आठवड्यात मला परत यायचं होतं. बॅग भरून दाराशी ठेवली होती. ती रोज पायात येते म्हणून मी बहिणीची बोलणी खाल्ली. म्हटलं, नुसतं ये म्हणाले तरी जाईन. ये सुद्धा नको, कधी येतेस म्हणाले तरी जाईन."

"अं, अं," डॉक्टर म्हणाले आणि उठायला लागले.

"हलू नका," बायको म्हणाली आणि तिने त्यांना पुन्हा मागे टेकवलं. "हे आत्ताचं झालं. मी पहिल्यापासून सांगणार आहे."

सिस्टर बाहेर आली. तिने दार लोटल्यासारखं केलं आणि चांगलं अर्धं उघडं ठेवलं.

"आज सगळ्यांना फार वेळ लागेल," ती बाकावरच्यांना म्हणाली. "हवं तर उद्या या."

"किती वेळ?" आजोबांनी हळूच विचारलं.

"लग्नापासून सुरुवात केलीय."

कोणीच उठलं नाही. कॅशियरने बँकेत फोन लावला आणि दाढ फार दुखतेय म्हणून सांगितलं.